स्फटिकाची जबानी

आपल्या दर्शनकारांना स्फटिकाचे आकर्षण फार जुने आहे. जास्वंदीचे तांबडे फूल शेजारी ठेवले असता स्वच्छ स्फटिक तांबडा दिसतो, फूल उचलले की तो पूर्ववत् निर्मळ होतो, आणि त्या मधल्या काळातही त्याच्या अंगाला तांबडेपणाचा लवलेश लागलेला नसतो, हा दृष्टान्त सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या आत्मीयतेने योजला आहे की, साक्षी म्हणजे काय असे कोणी विचारले असता संस्कृतज्ञ मनुष्याच्या डोळ्यांसमोर मनुष्याच्या मूर्तीआधी ते फूल आणि तो खडाच उभा राहतो. सुखदुःखांनी पुरुष रंगल्यासारखा दिसतो, पण रंगत नाही. बुद्धीच्या सान्निध्यामुळे तो कर्ता आणि भोक्ता भासतो, पण तसा असत नाही. या सिद्धान्ताच्या भव्यतेविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, ज्याला कशाचाही स्पर्श होत नाही त्याला कशाचेही ज्ञान होते असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? अदालतीत उभा राहणारा साक्षीदार घटनेच्या जागी हजर होता एवढ्याने त्याची जबानी ग्राह्य ठरत नाही. त्या घटनेचे काहीतरी त्याच्यावर उमटलेले असावे लागते, आणि जे उमटले त्याने तो, अल्पांशाने का होईना, पूर्वीचा राहिलेला नसतो.

हा प्रश्न शब्दांच्याच बळावर सोडवू पाहणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडलेली नाही. मला तो एका खऱ्याखुऱ्या, हाताने उचलता येण्याजोग्या स्फटिकाच्या आधाराने पाहावासा वाटतो. कारण गेली पाऊणशे वर्षे भौतिकशास्त्रज्ञांनी एका स्फटिकाला शब्दशः साक्षीदार म्हणून नेमले असून त्याच्या जबानीवर रुग्णालयांतले रोगनिदान, अणुभट्ट्यांची सुरक्षितता आणि आकाशातल्या दूरस्थ उत्पातांचे पंचनामे अवलंबून आहेत. हा स्फटिक सोडियम आयोडाइडचा. त्यात थॅलियम या धातूचा किंचित अंश मिसळला असता गॅमा किरण पडताक्षणी तो चमकतो, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. हॉफस्टॅटर यांना पुढे १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते निराळ्याच कामाबद्दल, अणुकेंद्रावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याची अंतर्रचना शोधल्याबद्दल. परंतु रोजच्या व्यवहारात जगाने त्यांच्याकडून अधिक काय घेतले असे विचाराल तर मी या स्फटिकाकडेच बोट दाखवीन. अशा चमकणाऱ्या द्रव्यांना प्रयोगशाळेत सिंटिलेटर म्हणतात. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे स्फटिक वाढवले जातात, आणि वाढवल्यावर त्यांना हवाबंद ॲल्युमिनियमच्या डबीत, काचेची एक खिडकी ठेवून, कोंडावे लागते. कारण सोडियम आयोडाइडला दमट हवेचे इतके वावडे की, मुंबईच्या आषाढात तो उघडा पडला तर थोड्याच अवधीत पाणी शोषून पिवळट आणि अपारदर्शक होईल.

गॅमा किरण हा दृश्य प्रकाशाचाच सगोत्र आहे; भेद आहे तो ऊर्जेचा. सिझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याच्या नमुन्यातून येणाऱ्या गॅमा किरणाची ऊर्जा ६६२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाच्या दोन ते तीन लाख पट असते. या प्रचंड ऊर्जेमुळेच तो आपल्या सर्व इंद्रियांना अगोचर आहे. तो शरीरातून आरपार निघून जातो किंवा आत कोठेतरी एखाद्या इलेक्ट्रॉनाला धक्का देऊन पेशींचे नुकसान करतो, आणि दोन्ही प्रसंगी आपल्याला त्याची वार्ताही लागत नाही. स्फटिकाचे काम हे की, या एका अगोचर कणाच्या बदल्यात सहस्रावधी गोचर कण द्यावेत. आत शिरलेला गॅमा किरण एखाद्या इलेक्ट्रॉनाला जागेवरून उडवतो. तो इलेक्ट्रॉन धावताना वाटेतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांना स्थानभ्रष्ट करतो. त्यांची ऊर्जा स्फटिकाच्या जाळीतून भटकत भटकत थॅलियमच्या एखाद्या अणूपाशी पोहोचते. आणि तो अणू उत्तेजित होऊन, सेकंदाच्या दशलक्षांशाच्याही सुमारे चतुर्थांश काळात, जांभळट निळ्या प्रकाशाचा एक कण बाहेर टाकून पूर्वस्थितीला येतो. दर दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमागे असे सुमारे ३८,००० प्रकाशकण निघतात. खिडकीपलीकडची फोटोमल्टिप्लायर नलिका त्यांतील काहींचे विद्युत्स्पंदात रूपांतर करते, आणि त्या स्पंदाच्या उंचीवरून मूळ किरणाची ऊर्जा ठरवली जाते.

या साऱ्या प्रक्रियेत तत्त्वचिंतकाने थबकावे असे स्थळ थॅलियमचे आहे. शुद्ध सोडियम आयोडाइड, ज्यात परक्या अणूला थारा नाही असा, नेहमीच्या तापमानास जवळजवळ मूक असतो. गॅमा किरण त्याच्यातही शिरतो, इलेक्ट्रॉन त्याच्यातही उडतात, खळबळ त्याच्यातही तितकीच माजते. परंतु ती ऊर्जा बहुतांशी उष्णतेत विरून जाते आणि बाहेर बातमी येत नाही. त्या निर्दोष जाळीत हजारात एखादा या प्रमाणात थॅलियमचा अणू बसवावा, जो मुळात परका, आकाराने थोर आणि स्वभावाने विषारी (उंदीर मारण्याच्या औषधात या धातूचे क्षार एके काळी सर्रास वापरले जात), तेव्हा तो स्फटिक बोलका होतो. पतंजलींनी चित्ताला उपमा दिली ती अभिजात मण्याची, ज्याचे सर्व मल झडून गेले आहेत अशा मण्याची. आमचा हा मणी मात्र मल झडल्यावर गप्प बसतो आणि मोजून मल घातल्यावर जबानी देतो.

येथे घाईने सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो, आणि काही लेखक तो आवरीत नाहीत: अपूर्णतेतूनच ज्ञान होते, दोष हाच गुण आहे, इत्यादि. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. एक तर शुद्ध सोडियम आयोडाइडही द्रव नायट्रोजनाच्या थंडीत ठेवला असता चांगला प्रकाशतो. मूकपणा त्याच्या शुद्धतेइतकाच भोवतालच्या उष्णतेचाही आहे. दुसरे असे की, बिस्मथ जर्मनेट नावाचा दुसरा एक सिंटिलेटर, ज्याला या क्षेत्रातले लोक बीजीओ म्हणतात, त्यात बाहेरून काहीच मिसळावे लागत नाही. त्याच्या घटनेतला बिस्मथच प्रकाश देतो, जरी तो सोडियम आयोडाइडच्या मानाने चतुर्थांशाहूनही कमी असला तरी. तेव्हा आवश्यक आहे ती अशुद्धी नव्हे. आवश्यक आहे ती स्फटिकाच्या ठायी अशी एक जागा, की जी आघाताने ढळू शकते आणि ढळल्यावर प्रकाश टाकून परत येऊ शकते. ती जागा परक्या अणूने पुरवली काय किंवा घरच्या अणूने पुरवली काय, फरक तपशिलाचा आहे. जास्वंदीजवळच्या स्फटिकात नेमकी हीच जागा नाही; किंबहुना ती नसणे हेच त्या दृष्टान्ताचे सारसर्वस्व आहे.

ढळण्यालाही पुन्हा प्रकार आहेत. गॅमा किरण स्फटिकात आला म्हणजे आपली सर्व कैफियत सांगतोच असे नाही. कधी तो आपली सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनाला देऊन स्वतः संपून जातो, आणि मग स्पंदाची उंची बरोबर ६६२ची बोलते. कधी तो इलेक्ट्रॉनाला धक्का देतो, काही ऊर्जा तेथे सोडतो, आणि उरलेली घेऊन दुसऱ्या दिशेने स्फटिकाबाहेर पसार होतो. आर्थर कॉम्प्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकिरणात ६६२च्या किरणाला एका धडकेत जास्तीत जास्त ४७७ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट मागे ठेवता येतात, त्याहून अधिक नाहीत. म्हणून आलेखावर उजवीकडे एक उंच शिखर, आणि त्याच्या डावीकडे दरी ओलांडल्यावर, अर्धवट जबान्यांचे एक लांबरुंद पठार दिसते. नैयायिकांनी प्रत्यक्षाची व्याख्या इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षावर उभारली. त्या संनिकर्षात अर्थाचे काय होते याकडे त्यांनी फारसे लक्ष पुरवले नाही, कारण घट पाहिल्याने घट फुटत नाही. येथे मात्र ज्या किरणाचे पूर्ण ज्ञान झाले तो किरण उरत नाही, आणि जो उरतो त्याचे ज्ञान अपुरे असते. पूर्ण ज्ञान आणि ज्ञेयाचे अस्तित्व या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे ब्रह्मविद्येच्या ग्रंथांत वाचले तर आपण मान डोलावतो. ते एका खनिज मिठाच्या तुकड्यात घडताना पाहून थोडे अस्वस्थ व्हावयास होते.

शिखराचेही असे की ते सुईच्या टोकासारखे नसते. एकाच ऊर्जेचे दहा हजार किरण येऊन पूर्णपणे संपले तरी दहा हजार स्पंद सारख्या उंचीचे होत नाहीत. चांगल्या सोडियम आयोडाइडमध्ये त्यांचा पसारा ६६२च्या ठिकाणी सुमारे सात टक्के असतो. याचे एक कारण निव्वळ संख्येचे आहे: एका किरणामागे सुमारे २५,००० प्रकाशकण निघतात, त्यांतले काहीच नलिकेच्या संवेदनशील पटलावर पोहोचतात, पोहोचलेल्यांपैकी फार तर चतुर्थांश इलेक्ट्रॉन सोडतात, आणि काही हजारांच्या मोजदादीत दर वेळी थोडे कमीअधिक होणे हे यदृच्छेच्या नियमानेच ठरलेले आहे. परंतु एवढ्या हिशेबाने तीन-साडेतीन टक्क्यांचाच खुलासा होतो. उरलेल्याचा मोठा वाटा स्फटिकाच्या स्वभावाकडे जातो, कारण तो मंदगती इलेक्ट्रॉनाला आणि शीघ्रगती इलेक्ट्रॉनाला ऊर्जेच्या अगदी समप्रमाणात दाद देत नाही. तीच एकूण ऊर्जा दोन निराळ्या वाटांनी वाटली गेली तर तो दोन निराळ्या आकड्यांनी तिची नोंद करतो. सेरियम मिसळलेला लँथॅनम ब्रोमाइड या बाबतीत पुष्कळ सरस, तीन टक्क्यांच्या आतबाहेर. जर्मेनियमच्या अर्धवाहकाचा पसारा तर टक्क्याच्या पंचमांशाइतका अल्प असतो. मात्र त्याला द्रव नायट्रोजनाच्या थंडीत बसवावे लागते आणि त्याचा आकार मनाजोगता वाढवता येत नाही. बीजीओ मंद बोलतो, संदिग्ध बोलतो, पण घनता ७.१३ असल्यामुळे समोर आलेल्याला सहसा निसटू देत नाही. सर्वगुणसंपन्न असा साक्षीदार कोठल्याच दप्तरी नाही, आणि कोणाला बोलवावे हे खटला कसला आहे त्यावरून ठरते. मला वाटते, प्रमाणांच्या श्रेष्ठकनिष्ठतेवर आपल्या पंडितांनी जी शतके खर्च केली त्यांतली काही तरी या प्रश्नाकडे वळवली असती तर बरे झाले असते.

लँथॅनम ब्रोमाइडची थोरवी सांगितली, तर त्याची अडचणही सांगितली पाहिजे. ती या निबंधाच्या विषयाला अधिक जवळची आहे. निसर्गात सापडणाऱ्या लँथॅनमचा सुमारे ०.०९ टक्के भाग किरणोत्सर्गी लँथॅनम-१३८ या समस्थानिकाचा असतो, ज्याचे अर्धायुष्य सुमारे १०० अब्ज वर्षांचे आहे. परिणाम असा की, भोवती कोठलाही गॅमा किरण नसताना, शिशाच्या जाड भिंतीआड ठेवला असताही, हा स्फटिक स्वतःच्या अंगातूनच १४३६ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण सोडतो आणि स्वतःच तो ऐकतो. त्यात सोबतच्या क्षकिरणाची भर पडून जे शिखर उठते ते १४६८च्या आसपास बसते. आणि दुर्दैव असे की, जगातल्या प्रत्येक विटेत, मातीत, केळ्यात आणि खुद्द प्रयोगकर्त्याच्या देहात असलेल्या पोटॅशियम-४०चा किरण १४६१चा आहे. दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. बाहेरचे पोटॅशियम किती आणि आतले लँथॅनम किती याचा निवाडा करण्यासाठी स्फटिकाला आधी एकांतात बसवून त्याचा स्वतःचा आवाज नोंदून घ्यावा लागतो. ल्युटेशियमवर आधारलेले जे स्फटिक आज कर्करोगाच्या तपासणीतल्या पेट यंत्रांत बसवतात त्यांचेही तसेच; त्यातला ल्युटेशियम-१७६ हा नैसर्गिक द्रव्याच्या अडीच टक्क्यांहून अधिक असतो आणि तो अखंड कुजबुजत राहतो. तंत्रज्ञांनी या व्यंगाचा उपयोगही करून घेतला आहे: स्फटिकाच्या त्या अंगभूत किरणांची ऊर्जा निश्चित माहीत असल्यामुळे, यंत्र सुस्थितीत आहे की नाही हे त्यांवरूनच पडताळता येते.

या टप्प्यावर वेदान्ती मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल की, तुम्ही ज्याला साक्षी म्हणून उभे केले आहे तो मुळी साक्षी नव्हेच. तो अन्तःकरणाच्या जागी आहे. विषयाचा आकार घेणारी, ढळणारी आणि परत येणारी ती वृत्ती, आणि त्या वृत्तीला प्रकाशित करणारे ते चैतन्य, हा भेद आमच्या शास्त्राने मुळारंभीच केला आहे. तुमचे थॅलियम, तुमचा सात टक्क्यांचा पसारा, तुमचा लँथॅनम, हे सारे प्रकृतीच्या दालनातले सामान आहे. हा आक्षेप बळकट आहे. शिवाय त्याला ग्रंथांचा आधार आहे, कारण पतंजलींचा मणी चित्ताचा आहे आणि सांख्यांचा स्फटिक पुरुषाचा, म्हणजे एकच खडा परंपरेने दोन परस्परविरुद्ध कामांना जुंपलेला आहे: एके ठिकाणी त्याने रंग घ्यावयाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी घ्यावयाचा नाही.

मी हा भेद मान्य करतो, आणि मान्य केल्यावर काय उरते ते पाहतो. ज्या चैतन्याला काही लागत नाही त्याच्या ठायी अमुक किरण आला आणि तमुक आला नाही असा विशेष असू शकत नाही. विशेष सगळा वृत्तीकडे गेला. ६६२ आणि १४६१ यांतला भेद जाणणारा, चुकणारा, सुधारणारा, शपथेवर बोलणारा जो कोणी आहे तो रंगणारा मणी आहे. दुसरा, न रंगणारा, त्याच्या मागे असेलही. त्याच्यावाचून पहिल्याचे बोलणे कोणाला ऐकू जाईल, हा वेदान्त्याचा प्रश्न मला निरुत्तर करतो आणि त्याचे उत्तर या स्फटिकात नाही. पण मग साक्षीचा जो नैतिक आदर्श आपण समाजात रूढ केला, की जो जितका अलिप्त तितका विश्वसनीय, तो एका दालनातून उचलून दुसऱ्यात आणल्यासारखा होतो. अलिप्तता हे ज्याचे लक्षण आहे त्याला जबानी द्यावयाची नाही. ज्याला जबानी द्यावयाची आहे त्याला अलिप्त राहता येत नाही. न्यायाधीश, इतिहासकार, वृत्तपत्राचा बातमीदार यांना आपण स्फटिकासारखे व्हा असा जो उपदेश करीत आलो, त्यात कोणता स्फटिक हे सांगावयाचे राहून गेले.

तर मग रंगणाऱ्या मण्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? कुमारिल भट्टांचे मत असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याचा बाध झाला किंवा त्याच्या कारणात दोष सापडला तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिक म्हणतात की प्रामाण्य बाहेरून ठरते. पाण्याचे ज्ञान खरे की खोटे हे तहान भागली की नाही यावरून. प्रयोगशाळा या वादात बिनदिक्कत नैयायिकांच्या बाजूला बसलेली आहे: ती दररोज सकाळी सिझियमची चकती स्फटिकासमोर धरते आणि शिखर ६६२वर आणून बसवते, कारण तापमान बदलले, नलिकेचा विद्युत्दाब किंचित हलला, तर कालचे ६६२ आज ६५०ला दिसू लागते. यावर नागार्जुनांनी अठराशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आज सकाळी विचारावा इतका ताजा आहे: प्रमेय प्रमाणाने सिद्ध होते तर प्रमाण कशाने? चकतीची ऊर्जा कोणी मोजली, आणि ती मोजणाऱ्या यंत्राला कोणी तपासले? न्यायसूत्रांनी याला दिलेले उत्तर मला त्या शास्त्रातले सर्वांत व्यवहारशहाणे उत्तर वाटते. सोने तोलताना तराजू हे प्रमाण असते. पण त्या तराजूविषयीच शंका आली तर ज्ञात वजनाचे सोने घालून तोच तराजू तपासावा, आणि त्या वेळी तो प्रमेय होतो. प्रमाण आणि प्रमेय या जाती नसून हुद्दे आहेत. प्रसंग पालटला की वस्तू एका हुद्द्यावरून दुसऱ्यावर जाते. प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन म्हणून जे चालते ते याहून वेगळे काही नाही. शंका मात्र निष्कारण काढावयाची नाही, आणि उदयनाचार्यांनी तिला जी सीमा घातली, की शंकाकाराच्या स्वतःच्या वर्तनाशी विरोध येईल तेथे शंका थांबली पाहिजे, ती सीमा पाळणाऱ्यालाच दुपारपर्यंत काही काम उरकता येते.

परंतु तराजू तपासणारा मनुष्यही तपासला पाहिजे, हे १९२७च्या डिसेंबरात व्हिएन्नात दिसून आले. फोटोमल्टिप्लायरच्या आधीच्या काळात चमका मोजण्याचे काम मनुष्याच्या डोळ्याकडे होते. विल्यम क्रुक्स यांनी १९०३ मध्ये झिंक सल्फाइडच्या पडद्यावर रेडियममुळे उठणाऱ्या ठिणग्या भिंगातून पाहिल्या, आणि पुढे मँचेस्टरमध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी काळोख्या खोलीत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत वाट पाहून, अशा ठिणग्या एकेक करून मोजल्या. अणूला केंद्र असते हे ज्ञान मनुष्यजातीला त्या थकलेल्या डोळ्यांनी मिळवून दिले. पुढे व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत पेटर्सन आणि किर्श यांनी हलक्या मूलद्रव्यांच्या विघटनाच्या ज्या ठिणग्या मोजून जाहीर केल्या त्या केंब्रिजमध्ये कोणाला दिसेनात. पत्रव्यवहार झाला, लेखांना प्रतिलेख झाले, मने कडवट झाली. शेवटी केंब्रिजचे चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेले. तेथे मोजणीचे काम तरुण स्त्रिया करीत. चॅडविक यांनी मांडणी अशा रीतीने बदलत नेली की, या खेपेला ठिणग्या दिसावयास हव्यात की नाहीत याची मोजणाऱ्यांना कल्पना असू नये; आणि कल्पना नाहीशी होताच आकडे केंब्रिजच्या आकड्यांशी जुळले. कोणी लबाडी केली नव्हती. अपेक्षा पापण्यांच्या आत जाऊन बसली होती, एवढेच. या प्रकरणाचा जाहीर बभ्रा झाला नाही, ही त्या काळच्या विद्वत्तेची सभ्यता; मात्र त्यानंतर डोळ्यांच्या जबानीवरचा विश्वास उडत गेला, आणि विजेच्या मोजणीयंत्रांनी त्याची जागा घेतली. म्हणून हॉफस्टॅटर यांचा स्फटिक चमकला तो मनुष्याच्या डोळ्यासाठी नव्हता, निर्विकार नलिकेसाठी होता.

नलिका निर्विकार असली तरी तिचा आलेख वाचणारा तसा असत नाही, आणि या गोष्टीचा उलगडा अजून व्हावयाचा आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींच्या यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची वर्दी दिली, आणि अवघ्या १.७ सेकंदांनंतर फर्मी उपग्रहावरच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांनी गॅमा किरणांचा एक क्षणिक झोत नोंदवला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेले दोन दूत, जातीने सर्वस्वी भिन्न, एकाच घटनेविषयी बोलले, आणि कोणाला वाद घालावासा वाटला नाही. याच्या उलट इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखालची कथा. तेथे दामा नावाच्या प्रयोगाने त्याच जातीचे २५ स्फटिक, एकूण वजन सुमारे २५० किलो, दगडाच्या चौदाशे मीटर जाड थराखाली ठेवले आणि दोन दशकांहून अधिक काळ सांगितले की, अत्यल्प ऊर्जेच्या चमकांची संख्या दरसाल जूनच्या सुमारास वाढते व डिसेंबरच्या सुमारास घटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना आकाशगंगेतल्या अदृश्य कृष्णद्रव्याच्या वाऱ्याला जूनमध्ये अधिक वेगाने सामोरी जाते, म्हणून असे घडत असावे, हा त्यांचा निष्कर्ष. स्पेनमधल्या कॅनफ्रांक येथे आणि कोरियातल्या यांगयांग येथे, त्याच जातीचे स्फटिक घेऊन, तसेच डोंगराखाली बसून, दुसऱ्या मंडळींनी वर्षानुवर्षे मोजले. त्यांना ही भरतीओहोटी आढळली नाही.

दामाच्या चमका खोट्या आहेत असे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो धुरावरून अग्नी काढण्याचा. धूर खरा आहे, पण अनुमान फसवणारा एखादा उपाधी मध्ये लपला आहे काय, याचा शोध चालू आहे: कोणी ऋतुमानाकडे बोट दाखवतो, कोणी दर वर्षाची सरासरी वजा करण्याच्या रीतीकडे, कोणी स्फटिकाच्या अंगातल्या पोटॅशियमकडे. तो पोटॅशियम-४० येथेही आहेच, आणि त्याच्या विघटनातून ३.२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टची जी क्षीण चमक उठते ती नेमकी त्याच पट्ट्यात पडते ज्यात दामाला वर्षाचे चक्र दिसते. म्हणून स्फटिक वाढवणाऱ्यांची आजची सारी धडपड अशी आहे की, थॅलियम हजारात एक या प्रमाणात राहावे आणि पोटॅशियम अब्जांशांच्या हिशेबानेही शिल्लक राहू नये. एका अशुद्धीला मुद्दाम आमंत्रण आणि दुसरीला हद्दपारी, दोन्ही एकाच मुशीत. ऋतुमानाच्या आरोपाचा निकाल लावण्यासाठी दुसरी जोडी मांडली जात आहे, एक स्फटिकसंच ग्रान सासो येथेच आणि दुसरा ऑस्ट्रेलियातल्या स्टॉवेल येथील सोन्याच्या खाणीत. इटलीत जूनमध्ये उन्हाळा असतो तेव्हा स्टॉवेलला हिवाळा असतो, परंतु कृष्णद्रव्याचा वारा, तो असलाच तर, दोन्हींकडे एकाच महिन्यात जोराने वाहतो. दोन्ही ठिकाणी जूनमध्येच चमका वाढल्या तर ऋतुमानावरची फिर्याद काढून टाकावी लागेल. स्टॉवेलला त्या डिसेंबरात वाढल्या तर ऋतुमान दोषी ठरेल. आणि कोठेच वाढल्या नाहीत तर ग्रान सासोच्या त्या पंचवीस स्फटिकांना इतकी वर्षे काय दिसत होते, हा प्रश्न नव्याने दाखल करून घ्यावा लागेल.